डोंगरवाटांचे राखणदार

वाट कोणाची, हा प्रश्न फार जुना आहे. ज्याची जमीन त्याची वाट, असें कायदा म्हणतो. जो चालतो त्याची वाट, असें वाटसरू म्हणतो. शेताच्या बांधावरून जाणाऱ्या पायवाटेपायीं आपल्याकडे किती भांडणें झालीं आणि किती पिढ्यांनीं कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या, हें ज्यांचा खेड्याशीं संबंध आहे त्यांना सांगावयास नको. हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशांत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका डोंगरावर नव्या वेषांत उभा राहिला. त्या वेळीं भांडणाचें कारण झाली सायकल. या भांडणांतून तेथील सायकलस्वारांनीं जो मार्ग काढला, तो सायकल न चालविणारानेंहि ऐकण्यासारखा आहे.

सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या उत्तरेस गोल्डन गेटची सामुद्रधुनी ओलांडली म्हणजे मरीन नांवाचा जिल्हा लागतो. या जिल्ह्यांत टॅमलपाइस नांवाचा डोंगर आहे. त्याची उंची सुमारें २,५७० फूट, म्हणजे साधारणतः आपल्या माथेरानएवढी. त्याच्या कुशींत आसपासच्या गांवांना पाणी पुरविणारे तलाव आहेत, रेडवुड जातीच्या प्रचंड वृक्षांच्या राया आहेत, वणवा विझविण्याच्या सोयीसाठीं केलेले रुंद कच्चे रस्ते आहेत. आणि या रस्त्यांना फांटे फुटावेत तशा झाडींतून वळणें घेत गेलेल्या अरुंद पाऊलवाटा आहेत. पायीं हिंडण्याची हौस असणारे लोक आणि घोडेस्वार पिढ्यान् पिढ्या या वाटांनीं जात आले.

१९७० नंतरच्या दशकांत या भागांतील कांहीं तरुणांना एक विलक्षण छंद लागला. तीस-चाळीस वर्षांपूर्वींच्या, जाड टायरांच्या, बोजड सायकली त्यांनीं अडगळींतून शोधून काढल्या आणि त्या डोंगरावर नेऊन उतारावरून भरधांव सोडण्यास प्रारंभ केला. १९७६ च्या ऑक्टोबरांत फेअरफॅक्स गांवाजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर त्यांनीं शर्यत लावली. सुमारें दोन मैलांत हा रस्ता तेराशें फूट खालीं उतरतो. त्या जुन्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्यें असे. उतरतां उतरतां तो इतका तापे कीं आंतील ग्रीस जळून धूर निघे, आणि प्रत्येक खेपेनंतर हब उघडून पुनः ग्रीस भरावें लागे. या पुनः भरण्यावरूनच शर्यतीला ‘रीपॅक’ असें नांव पडलें. जो ब्रीझ या तरुणानें १९७७ मध्यें या कामासाठींच मुद्दाम नवी सायकल बांधली. गॅरी फिशर व चार्ली केली यांनीं १९७९ मध्यें अशा सायकली विकण्याचा धंदा सुरू केला. १९८१ मध्यें त्या कारखान्यांतून तयार होऊन बाजारांत आल्या, आणि थोड्याच वर्षांत चार मित्रांचा खेळ हजारोंचा झाला.

भांडणाचें बीज येथेंच पडलें. चार माणसांनीं केलेली गंमत डोंगर सोसतो; चार हजारांची सोसत नाहीं. निवांतपणासाठीं म्हणून डोंगरावर गेलेल्या वृद्ध जोडप्याची कल्पना करावी. अरुंद वाट आहे, पुढें वळण आहे, एका बाजूस दरड आणि दुसऱ्या बाजूस उतार आहे. एकाएकीं खडी उडाल्याचा आवाज होतो आणि वळणावरून एक सायकलस्वार वाऱ्याच्या वेगानें अंगावर येतो. तो शिताफीनें बाजूनें निघून जातो व त्याला स्वतःच्या कौशल्याचें कौतुकहि वाटतें. पण त्या जोडप्याची सकाळ नासलेली असते. घोड्याची गोष्ट तर याहून बिकट. न बोलतां, न वाजतां मागून येणारी वस्तु पाहून घोडा बुजतो. आणि घोडा बुजला म्हणजे वरच्या माणसाच्या जिवाशीं गांठ असते. शिवाय ओल्या मातींत ब्रेक दाबून चाक फरफटत नेलें कीं जो चर पडतो, तो पुढच्या पावसांत ओहोळ होतो.

तक्रारी वाढल्या तसे अधिकारी जागे झाले. टॅमलपाइसच्या पाणलोटाच्या प्रदेशांत अरुंद पाऊलवाटांवर सायकलींना मनाई झाली. रुंद रस्ते तेवढे मोकळे राहिले, आणि त्यांवरहि वेगाची मर्यादा आली: ताशीं पंधरा मैल, व आंधळ्या वळणावर पांच. देशाच्या पातळीवरहि हेंच घडत होतें. १९६४ च्या अरण्यरक्षण कायद्यानें संरक्षित अरण्यांत यांत्रिक वाहतुकीस बंदी केलेली होती. वनखात्यानें १९८४ मध्यें त्या बंदींत सायकलीचाहि स्पष्ट समावेश केला. ज्या डोंगराच्या अंगाखांद्यावर या सायकलीचें बालपण गेलें, त्याच डोंगराच्या पाऊलवाटा तिला परक्या झाल्या.

अशा प्रसंगीं दोन मार्ग सोपे असतात. एक, सभांतून ओरडा करून आपला हक्क मागणें. दुसरा, पहारेकऱ्याची पाठ फिरली कीं चोरून जाणें. कित्येकांनीं हे दोन्ही मार्ग चोखाळले, आणि दोहोंचा परिणाम एकच झाला: बंद वाटांची संख्या वाढली. तिसरा मार्ग कष्टाचा होता. तो म्हणजे, ज्यांना आपण वाटेचे नाशक वाटतों त्यांच्या डोळ्यांदेखत वाटेचे राखणदार होणें. लॉस एंजलिसजवळच्या सांता मोनिका डोंगरांत १९८७ मध्यें अशा विचाराच्या सायकलस्वारांचें एक मंडळ निघालें. काळजी वाहणारे, असा अर्थ त्यांनीं आपल्या नांवांतच गोंवला. दुसऱ्या वर्षीं, १९८८ मध्यें, कॅलिफोर्नियांतील अशीं पांच मंडळें एकत्र आलीं व त्यांनीं डोंगरी सायकलस्वारांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला. ‘इंबा’ या आद्याक्षरांच्या नांवानें तो आज ओळखला जातो.

या संघानें प्रथम काय केलें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. सरकारकडे मागण्यांची यादी धाडण्यावर न थांबतां त्यानें आपल्याच लोकांसाठीं नियम घालून दिले. मोकळ्या असलेल्या वाटांवरूनच जावें. मागें खूण ठेवूं नये. सायकल नेहमीं ताब्यांत असावी. पायीं चालणारास व घोडेस्वारास आधीं वाट द्यावी. जनावरांना बुजवूं नये. आणि आपलें सामान व आपली कुवत पाहून मगच निघावें. नियम सहाच, आणि सारे शाळेच्या फळ्यावर मावतील एवढे. परंतु बंधन दुसऱ्यानें घालण्यापूर्वीं स्वतः घालून घेणाराशीं बोलावयास लोक तयार होतात. जॉन म्यूर यांच्या नेतृत्वाखालीं १८९२ मध्यें स्थापन झालेली सिएरा क्लब ही निसर्गरक्षणाची मोठ्या वजनाची संस्था. सायकलींकडे तिचे पुष्कळ सभासद संशयानें पाहत. १९९४ मध्यें युटा राज्यांतील पार्क सिटी येथें उभय संस्थांचे प्रतिनिधि एकत्र बसले. जमिनीचें व इतर वाटसरूंचें भान राखून चालविल्यास डोंगरवाटेवर सायकल हें रास्त साधन आहे, या मुद्द्यावर त्यांचें एकमत झालें. सारे मतभेद त्यामुळें मिटले असें नाहीं. पण एका टेबलाशीं बसण्याची संवय लागली, हाहि लाभ लहान नव्हता.

आतां वाटेकडे वळूं. वाट राखणें म्हणजे तिच्यावरचे दगड वेचणें आणि फांद्या छाटणें, असा पुष्कळांचा समज असतो. या मंडळांचाहि प्रथम तोच समज होता. लवकरच त्यांच्या ध्यानांत आलें कीं वाटेचा खरा शत्रु पाणी आहे. चाकानें, पावलानें किंवा टापेनें माती सुटी होते. ती वाहून नेण्याचें काम पाणी करतें. माँटाना राज्यांत विल्सन व सेनी या दोन संशोधकांनीं एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष १९९४ मध्यें प्रसिद्ध केले. पायीं चालणारे, घोडे, मोटरसायकली आणि सायकली यांना वाटेच्या निरनिराळ्या तुकड्यांवरून नेऊन, मग त्यांवर पाणी सोडून किती माती सुटते तें त्यांनीं मोजलें. सर्वांत अधिक माती घोड्यांच्या टापांनीं सुटली. सायकलस्वारांना हा निकाल सोयीचा होता. परंतु त्यांतील शहाण्यांनीं त्यावरून घोडेवाल्यांशीं वाद मांडला नाहीं. वाट मुळांत चुकीच्या जागीं आंखली असेल तर कोणीहि चालो, ती वाहूनच जाणार, हा धडा त्यांनीं त्यांतून घेतला.

मग वाट आंखावी कशी? जुन्या वाटा पुष्कळदां सरळ उताराच्या रेघेनें खालीं आलेल्या असतात. पाण्यालाहि तीच रेघ आवडते, आणि वाटेचा नाला होतो. म्हणून वाट डोंगराच्या कडेकडेनें, आडवी न्यावी. डोंगराच्या अंगाला जितका उतार असेल त्याच्या निम्म्याहून अधिक उतार वाटेला देऊं नये. समजा, डोंगर शंभर फुटांत वीस फूट उतरत असेल, तर वाट शंभर फुटांत दहा फुटांहून अधिक उतरूं नये; नाहींतर पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजीं वाटेनेंच चालूं लागतें. एकंदर वाटेची सरासरी घेतली तरी ती शंभरास दहाच्या आंत असावी. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूस किंचित्, म्हणजे शंभरास पांच इतका, कलता ठेवावा. आणि ठिकठिकाणीं उतरती वाट चार पावलें वर चढवून पुनः उतरती करावी. अशा प्रत्येक खोलगट जागीं सांचूं पाहणारें पाणी आपोआप बाहेर पडतें. या साऱ्यांत गणित चौथ्या इयत्तेचें आहे. साधनेंहि साधींच: उतार मोजण्याचें एक लहान यंत्र, माती ओढण्याचें दांताळें, आणि एका बाजूस कुऱ्हाड व दुसऱ्या बाजूस कुदळ असलेलें पुलास्की नांवाचें अवजार. हीं अवजारें हातीं घेऊन सुटीच्या दिवशीं सकाळीं वकील, विद्यार्थी, सुतार व हिशेबनीस खांद्याला खांदा लावून माती ओढतात, आणि दुपारपर्यंत जेमतेम पन्नास पावलें वाट दुरुस्त होते. संध्याकाळीं ज्याचे हात भरून आलेले असतात, तो पुन्हां त्या जागीं ब्रेक दाबून चाक फरफटवीत नाहीं. श्रमदानाचा हा फायदा कोणत्याहि जमाखर्चांत दिसत नाहीं.

हें ज्ञान कांहीं गांवांपुरतें राहूं नये म्हणून संघानें १९९७ मध्यें एक युक्ति काढली. सुबारू या मोटार कंपनीच्या साहाय्यानें त्यानें दोन-दोन माणसांचीं पथकें देशभर हिंडतीं ठेवलीं. पथक एखाद्या गांवीं जाई, स्थानिक लोकांना एक दिवस वर्गांत बसवी आणि दुसऱ्या दिवशीं डोंगरावर नेऊन त्यांच्याकडून प्रत्यक्ष काम करून घेई. फिरत्या शाळेचाच हा प्रकार. कित्येक गांवांत पथक निघून गेल्यावर मागें एक नवें मंडळ उभें राहिलेलें असे.

असें मंडळ काढावयाचें म्हणजे काय काय करावें लागतें? पहिली गोष्ट, कुदळ हातीं घेण्यापूर्वीं वाट कोणाच्या जमिनींतून जाते तें शोधून काढणें. एकाच वाटेचा एक तुकडा वनखात्याचा, दुसरा नगरपालिकेचा आणि तिसरा एखाद्या शेतकऱ्याचा असूं शकतो. दुसरी गोष्ट, त्या मालकाकडे जाऊन आम्हांला काय हवें हें सांगण्याऐवजीं तुम्हांला कसली अडचण आहे हें विचारणें. तिसरी, तोंडी संमतीवर न विसंबतां लेखी करार करणें. अधिकारी बदलतो, कागद राहतो. चौथी, मंडळाची घटना, अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, हिशेब आणि विमा. हीं कामें कंटाळवाणीं खरीं; पण वर्गणी देणाराचा व जमीन देणाराचा विश्वास यांवरच उभा राहतो. अमेरिकेंतील सर्व राज्यांत, मोबदला न घेतां आपली जमीन लोकांना हिंडण्याफिरण्यास मोकळी ठेवणाऱ्या मालकास अपघाताच्या जबाबदारींतून बरेंच संरक्षण देणारे कायदे आहेत. ते समजावून सांगणें हेंहि चिटणिसाचें काम. पांचवी, किती माणसांनीं किती तास काम केलें याची वही ठेवणें. रिकाम्या तिजोरीच्या अधिकाऱ्यास ही वही शंभर अर्जांहून अधिक पटते. आणि सहावी, सर्वांत अवघड: सभेला पायीं चालणारांना व घोडेवाल्यांना बोलावणें, आणि ते जें बोलतील तें मधें न तोडतां ऐकणें.

अशा मंडळाची खरी कसोटी घरांतच लागते. कॅनडांतील व्हँकूव्हरच्या समोर, खाडीपलीकडे, दाट पावसाळी अरण्यानें भरलेले डोंगर आहेत. तेथील तरुणांनीं विसाव्या शतकाच्या अखेरीस कोणाचीहि परवानगी न घेतां देवदारासारख्या लांकडाच्या फळ्यांचे उंच, अरुंद पूल बांधून अशा वाटा केल्या कीं त्यांची कीर्ति जगभर झाली. कीर्तीबरोबर गर्दी आली, अपघात आले आणि वाटा बंद होण्याचा धोकाहि आला. १९९७ मध्यें तेथें मंडळ निघालें. त्याला एकीकडे अधिकाऱ्यांची मनधरणी करावी लागली आणि दुसरीकडे ज्यांनीं रात्रंदिवस राबून त्या वाटा केल्या त्यांनाच सांगावें लागलें कीं, बाबांनो, आतां परवानगीवांचून एकहि खिळा ठोकावयाचा नाहीं. परक्याशीं भांडणें सोपें. आपल्याच शूराला आवरणें कठीण. पुढें या मंडळानें एकेक वाट एकेका गटानें दत्तक घेण्याची पद्धत पाडली, आणि चोरून खपणारे हात उघडपणें खपूं लागले.

एकदां मिळविलेला विश्वास कायमचा मिळाला, असेंहि समजूं नये. अमेरिकेच्या ईशान्येस व्हरमाँट राज्यांत बर्क नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें १९९४ मध्यें ‘किंग्डम ट्रेल्स’ नांवाची संस्था निघाली. सुमारें शंभर मैल लांबीच्या वाटांचें जाळें तिनें विणलें, आणि तें जवळजवळ सारें खासगी शेतांतून व रानांतून. मालक शंभराच्या घरांत, आणि त्यांच्या सद्भावनेखेरीज संस्थेजवळ दुसरा आधार नाहीं. संस्थेचें नांव झालें, दूरदूरचे लोक लोटूं लागले, गांवांतल्या खाणावळी व दुकानें भरभराटीस आलीं. आणि २०१९ च्या डिसेंबरांत तीन जमीनमालकांनीं आपल्या जमिनींवर सायकलींना मज्जाव केला. गर्दी फार झाली होती, आणि घोडेस्वारांशीं कांहीं सायकलस्वारांचें वागणें बरें नव्हतें. त्या तीन जमिनींतून जाणाऱ्या वाटा साऱ्या जाळ्यांत लोकांच्या अत्यंत आवडीच्या होत्या. पंचवीस वर्षांची पुण्याई थोड्या उद्धट माणसांनीं एका हंगामांत खर्च केली. संस्थेनें मालकांवर राग धरला नाहीं, हें तिचें शहाणपण. दोष वाटांच्या लांबीरुंदींत नसून पाहुण्यांच्या संख्येंत व वागणुकींत आहे हें ओळखून, गर्दी कशी आटोक्यांत ठेवावी आणि आलेल्यास कसें वागवावें, या विचारास ती लागली.

आपल्याकडे डोंगर कमी नाहींत, आणि पाऊस तर अधिकच आहे. पुण्याच्या टेकड्यांवर पहाटे हिंडणारांना आणि सह्याद्रींतील गड चढणारांना एक दृश्य ओळखीचें असतें: वळणाची वाट सोडून घाईनें सरळ उतरणारांनीं पाडलेली आडवाट पहिल्या वर्षीं पावलाएवढी असते, तिसऱ्या वर्षीं तिचा नाला होतो, आणि मग मूळ वाटहि ढांसळते. त्या वेळीं, हें सरकारचें काम आहे, असें म्हणून पुढें जातां येतें. एखाद्या रविवारीं चार शेजारी, दोन कुदळी व एक घमेलें घेऊन, ज्याची जमीन आहे त्याला आधीं विचारून, ती आडवाट दगडांनीं बुजवितांहि येते.

प्रारंभींचा प्रश्न अद्याप तसाच आहे. टॅमलपाइसवरील वाद पुढेंहि अनेक वर्षें धुमसत राहिला, आणि चाळीस वर्षांच्या श्रमानंतरहि तेथील सायकलस्वाराला ‘ही वाट माझी’ असें म्हणतां येत नाहीं. पण ज्या वाटेवर त्याचा घाम पडला आहे तिच्यावरून घोडा समोर येतांच तो सायकलीवरून उतरतो, बाजूला उभा राहतो आणि मोठ्यानें नमस्कार घालतो, म्हणजे घोड्याला माणसाचा आवाज ओळखूं येतो. घोडेस्वारहि हात वर करतो. वाट कोणाची, हा प्रश्न त्या क्षणीं दोघांपैकीं कोणीच विचारीत नाहीं.